जुन्या गाडीचे ब्रेक पार्ट: ओरिजिनल टाकायचे की बाहेरचे?

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की ब्रेकचं काम निघाल्यावर पहिला प्रश्न हाच येतो, "ओरिजिनलच टाकायला पाहिजे का, बाहेरचं चालणार नाही का?" चालतं, पण कुठला पार्ट आणि कुठल्या कंपनीचा ते बघून. काउंटरवर घाईत सगळं सांगणं होत नाही म्हणून हे लिहून ठेवलंय.

आधी एक गोष्ट. गाडीची कंपनी डिस्क पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते) शक्यतो स्वतः बनवत नाही, ते सप्लायरकडून येतात आणि गाडीच्या कंपनीच्या डब्यात विकले जातात. यातले बरेच सप्लायर स्वतःच्या नावानेही बाजारात माल देतात, उदाहरणार्थ टीव्हीएस गर्लिंग किंवा राणे. म्हणजे "बाहेरचं" म्हणजे डुप्लिकेट असं नाही. वॅगनआर, अल्टो, सँट्रो अशा जुन्या गाड्यांना आम्ही पॅड बहुतेक वेळा अशा नामांकित कंपनीचेच टाकतो, पैसे वाचतात आणि ब्रेकही चांगला लागतो.

भीती आहे ती नाव-गाव नसलेल्या मालाची. मागे एक जुनी वॅगनआर आली होती, पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला तरी गाडी थांबेना आणि जळका वास यायला लागला, घरातली लहान मुलं होती गाडीत. चाक काढून बघितलं तर पॅड काचेसारखे गुळगुळीत चकाकत होते, बोट फिरवलं तर घसरत होतं. हलक्या पॅडमधला डिंकासारखा माल जास्त तापला की त्यातून गॅस सुटतो, पॅडची पकड जाते, गावात सपाट रस्त्यावर हे कधी कळतच नाही, घाटातच कळतं. (घाट उतरताना गाडी खालच्या गिअरवरच ठेवा, पॅड कुठलेही असोत.)

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमध्ये आतून दाबणाऱ्या जुन्या शूला नवीन लायनर (घासला जाणारा थर) चिकटवून स्वस्तात मिळतं. ते आम्ही करत नाही. चिकटवलेलं लायनर सुटलं तर चाक जाम होऊ शकतं.

रबराच्या पार्टमध्ये मात्र काटकसर करू नका, हे कळकळीने सांगतोय. व्हील सिलिंडर किट, मास्टर सिलिंडर किट, कॅलिपरचे सील, ब्रेक होज, हे ओरिजिनल किंवा टॉपच्या कंपनीचंच घ्या. आणि ओरिजिनल असलं तरी पॅकिंगची तारीख बघा, जुन्या मॉडेलचा माल दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतो, रबर तिथेच कडक होतं. सिलिंडरमधला रबरी वॉशर फुटला की ब्रेक ऑइल लायनरवर उतरतं आणि मग नवीन लायनरचे पैसे पण पाण्यात. रबर पेट्रोल-डिझेलने धुऊ नका आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल चुकूनही ओतू नका, रबर फुगून बसतं.

ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदला. नवीन डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग १४० अंशांच्या आसपाससुद्धा उकळू शकतं, मग पेडल सरळ खाली जातं. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाका.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली की घासून उपयोग नाही, बदलायचीच. पॅड नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम.

डुप्लिकेटपासून सावध राहायचं तर डब्यावरचा होलोग्राम, पार्ट नंबर आणि एमआरपी बघा, आणि बिल घ्या. आमच्याकडे डबा तुमच्यासमोर फोडतो, रिकामा डबा आणि जुने पार्ट दोन्ही तुमच्या हातात देतो.

नवीन पॅड टाकल्यावर पहिले २००-३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. ब्रेकचं काम असेल तर गाडी सकाळीच आणा, चारही चाकं उघडून, ब्रेकच्या लाइनमधली एअर काढून, शेवटी तुम्हाला शेजारी बसवून ट्रायल मारायची असते, संध्याकाळी घाईत हे काम आम्ही घेत नाही.