जुन्या स्पीकरचं वय नंबरावरून कसं काढतात

जुना स्पीकर हातात आला की आधी हेच विचारलं जातं, हा कोणत्या सालचा? मग डबा उलटा करून मागचा सिरीयल नंबर बघतात. पण नुसता सिरीयल नंबर फक्त क्रम सांगतो, म्हणजे 4200 नंबरचा पीस 3100 च्या नंतर बनला असावा एवढंच, साल कळायला त्याच मॉडेलचा निदान एक नंबर तरी असा लागतो ज्याची तारीख पक्की आहे. पावती, गॅरंटी कार्ड, काहीही चालतं. इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांतल्या जुन्या मराठी घरांत रेडिओग्राम असेल तर त्याच्या खणात असे कागद असू शकतात, दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका, अगदी मनापासून सांगतोय.

खरी मजा डब्याच्या आत आहे. मागची फळी काढली की आतल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या गोल भागाच्या, लोखंडी फ्रेमवर, कधी कडेला कधी चुंबकावर, वेगळाच नंबर दिसतो आणि तो बऱ्याचदा सिरीयल नंबर नसतोच, तो तारखेचा कोड असतो. अमेरिकन ड्रायव्हरवर तर उद्योग संघटनेने ठरवून दिलेली पद्धतच होती, आधी कंपनीचा आकडा, मग साल, मग वर्षातला कितवा आठवडा. 220 म्हणजे जेन्सन, 137 म्हणजे सीटीएस, 465 ऑक्सफर्ड, 67 एमिनन्स. त्यामुळे 1377329 असं दिसलं की सीटीएस, 1973, एकोणतिसावा आठवडा, झालं काम! पण 220512 आला तर? जेन्सन, बारावा आठवडा, आणि साल फक्त 5, म्हणजे 1955 पण होऊ शकतं आणि 1965 पण.

सेलेस्टियन या ब्रिटिश स्पीकर कंपनीचं अजून वेगळं. तिथे तारीख आकड्यात, महिना एका अक्षरात आणि साल दुसऱ्या अक्षरात. A म्हणजे जानेवारी, B फेब्रुवारी, असं M म्हणजे डिसेंबरपर्यंत, मधला I गाळलेला कारण तो 1 सारखा दिसतो. सालाची अक्षरं 1956 ला A पासून सुरू झाली, 1967 ला M वर आली आणि 1968 ला परत A! म्हणजे सालाच्या जागी A असेल तर स्पीकर 1956 चा की 1968 चा हे अक्षर बघून कळणारच नाही.

इथे नंबर बाजूला ठेवायचा आणि वस्तूकडे बघायचं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. 1925 च्या सुमारास राइस आणि केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये आजच्यासारखा कोनवाला, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या पडद्याचा, स्पीकर बनवला तेव्हा त्यात कायमचं चुंबक नव्हतं, विजेवर चालणारी कॉइल होती. पुढे अल्निको आलं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचं मिश्रण. फिलिप्सने 1950 च्या दशकात फेराइट बाजारात आणलं, ते सिरॅमिक, स्वस्त, पण तेवढ्याच ताकदीसाठी जास्त रुंद लागतं, म्हणून फेराइटवाल्या स्पीकरमागे मोठी चपटी काळी चकती दिसते आणि अल्निकोचं चुंबक अरुंद आणि उंच असतं. 1978 मध्ये झाईरच्या (आजचं काँगो) शाबा प्रांतात लढाई पेटली, जगाचा बराच कोबाल्ट तिथूनच यायचा, भाव भडकले आणि अल्निकोवर अडून बसलेल्या मोठ्या कंपन्यांनाही फेराइटकडे वळावं लागलं. आता तो A वाला सेलेस्टियन परत घ्या, गिटार अ‍ॅम्पमधला बारा इंची असेल आणि मागे फेराइटची चकती असेल तर 1956 कटाप, कारण त्यांचे सिरॅमिकवाले बारा इंची 1960 च्या दशकाच्या मध्यात आले. लेबलवरचा कंपनीच्या गावाचा पत्ताही बघा, टेम्स डिटन असेल तर जुना, इप्सविच असेल तर नंतरचा.

हे करताना एक नियम सोडायचा नाही. डब्यात जेवढ्या तारखा सापडतील, सगळे ड्रायव्हर, क्रॉसओव्हरवरचे (आवाजाचे जाड-बारीक सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे वाटणाऱ्या सर्किटवरचे) कपॅसिटर, त्यातली सगळ्यात अलीकडची धरायची, कारण 1974 चा कपॅसिटर 1971 ला जोडलेल्या डब्यात असूच शकत नाही, मधे कोणी बदलला नसेल तर. आणि टाके बघून ते बहुतेक कळतंच, फॅक्टरीचा सोल्डर आणि नंतरचा सोल्डर वेगळा दिसतो.

बरं, सिरीयल नंबर मग अगदीच बिनकामाचा का? मुळीच नाही! दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी पकडलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरचे नंबर गोळा करून महिन्याला किती रणगाडे बनतात ते काढलं. ऑगस्ट 1942 साठी हेरांचा अंदाज होता 1550, नंबरांवरून निघाले 327, आणि युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत सापडले 342. सूत्र एवढंसं आहे, सगळ्यात मोठा नंबर घ्या, त्याला तुमच्याकडे किती नंबर आहेत त्याने भागा, तो भागाकार त्याच मोठ्या नंबरात मिळवा आणि एक वजा करा. समजा एका मॉडेलचे पाच पीस सापडले, सगळ्यात मोठा नंबर 4200, तर 4200 अधिक 840 वजा 1, म्हणजे एकूण साधारण 5039 बनले असावेत. अर्थात नंबर 1 पासून सुरू झाले आणि मधे गाळले नाहीत असं धरून, काही कंपन्या 1001 पासूनही सुरू करतात.

आता कोन आणि त्याच्या कडेबद्दल, कारण इथे सगळे फसतात. 1970-80 च्या बऱ्याच स्पीकरच्या कडेचा फोम पॉलियुरेथेनचा असायचा आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू तुटत जातात, पंधरावीस वर्षांत बोट लावलं की भुगा. म्हणून एखाद्या 1975 च्या स्पीकरचा फोम मऊ, लवचिक दिसला तर तो बदललेला आहे असं खुशाल समजा, फ्रेमवरची तारीख फ्रेमची आणि समोरची फोमची कड नंतरची. इंदूरच्या जेल रोडवर किंवा कुठेही कोन बदलायला टाकणार असाल तर आधी फ्रेमच्या कडेचे, चुंबकाचे आणि मागच्या लेबलचे जवळून फोटो काढून ठेवा, आणि कारागिराला स्पष्ट सांगा की फ्रेम घासून रंग मारायचा नाही, कारण शाईचा तो शिक्का थिनरच्या एका फडक्याने जातो आणि मग साल ठरवायला फक्त चुंबक उरतं.