स्केलिग वेगळं, अ मॉन्स्टर कॉल्स वेगळं

"ते पुस्तक कुठलं हो, एक मुलगा असतो, घरात कोणतरी खूप आजारी असतं आणि त्याला एक विचित्र काहीतरी भेटतं?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, आजारी कोण, बहीण की आई? बहीण असेल तर डेव्हिड आल्मंडचं स्केलिग, 1998 चं. आई असेल तर पॅट्रिक नेसचं अ मॉन्स्टर कॉल्स, 2011 चं. दोन्ही इंग्लंडमध्ये घडतात, दोन्हींना कार्नेगी मेडल हा मुलांच्या पुस्तकांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळालाय, म्हणून लोकांचा घोळ होतो. शेवट सांगितल्याशिवाय खरा फरक कळणार नाही, त्यामुळे शेवटही सांगतोय.

स्केलिगमधला मायकल नव्या घरात राहायला येतो, तान्ही बहीण हृदयाच्या आजाराने हॉस्पिटलात, आईबाबांचं लक्ष सगळं तिकडे, आणि मागच्या पडक्या गॅरेजमध्ये त्याला धुळीत, मेलेल्या माश्यांमध्ये भिंतीला टेकून बसलेला एक माणूस दिसतो. माणूस की आणखी काय, ते शेवटपर्यंत नक्की होत नाही. सांधे धरलेत, अॅस्पिरिन मागतो, चायनीजच्या मेनूवरचे 27 आणि 53 नंबरचे पदार्थ आणि बियर मागतो, आणि जॅकेटच्या आत पाठीला पंख. देवदूत म्हणावा तर तोंडाला वास येतो!

आपल्या वेंगुर्ल्याकडच्या पोरांना हे पटकन कळतं असं मला वाटतं. आरवलीच्या वेतोबाला आपण केळ्यांचे घड देतो, भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतो, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात असं मानतो. म्हणजे जो आपल्याला सांभाळतो त्यालाही भूक असते, त्याचेही पाय दुखत असणार, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर असतं. फक्त आपण नवस बोलून देतो, आणि मायकल मात्र समोरचा दुखण्याने कण्हतोय एवढंच बघून खायला नेतो. शेजारची मीना त्याच्या जोडीला असते, शाळेत न जाता घरीच शिकणारी, पक्ष्यांची चित्रं काढणारी, ती नसती तर हे त्याला एकट्याला झेपलं नसतं. दुसऱ्याची काळजी घेता घेता तो मोठा होतो. आल्मंड लहान असतानाच त्यांची तान्ही बहीण गेली होती, पुस्तकातली बहीण मात्र जगते आणि अगदी शेवटी तिचं नाव ठेवतात, जॉय. मला तरी ते पान कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

अ मॉन्स्टर कॉल्समध्ये बरोबर उलटं. 13 वर्षांचा कॉनर, आईला कॅन्सर, आणि रात्री 12:07 ला मागच्या टेकडीवरचं यू नावाचं झाड चालत येतं. त्याला खायला-प्यायला काही नको. ते तीन गोष्टी सांगणार आणि चौथी कॉनरने सांगायची, स्वतःची, खरी. ती खरी गोष्ट अशी की आई जाणार हे त्याला कळलंय आणि हे सगळं एकदाचं संपावं असंही त्याला वाटलंय. आता हे पोराने कोणाला सांगायचं? आजीला? मित्रांना? शाळेत तर सगळे त्याला टाळतात. म्हणून झाड. आई जाते, ते झाड तिला वाचवायला आलेलंच नसतं. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची, त्या 2007 मध्ये स्वतः कॅन्सरने गेल्या आणि पुस्तक नंतर नेसने लिहिलं.

त्यामुळे "घरी आजारपण आहे, पोराला काय देऊ" असं कोणी विचारलं तर मी वय विचारत नाही, पेशंट बरा होण्यासारखा आहे का ते विचारतो. आशा असेल तर स्केलिग, नववी-दहावीची वाट बघायची गरज नाही, इंग्रजी सोपं आहे, छोटे छोटे चॅप्टर आहेत. आशा नसेल आणि घरात कोणी तसं बोलत नसेल तर अ मॉन्स्टर कॉल्स, पण पोराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही, आधी मोठ्यांनी वाचायचं आणि शेवटची पानं पोर वाचत असताना शेजारी बसायचं. आणि घेताना बघून घ्या, बिनचित्रांची आवृत्तीही मिळते, जिम के यांची काळी-पांढरी चित्रं असलेलीच मागा.