इंडेक्स स्कॅनला 'आता थांब' कोण सांगणार? मायएसक्यूएलमधल्या एका दुरुस्तीची पार्श्वभूमी

मायएसक्यूएल ह्या डेटाबेसमध्ये एक्सप्लेन मारलं, म्हणजे क्वेरी कशी चालेल ते विचारलं, की शेवटच्या एक्स्ट्रा कॉलममध्ये कधी 'युझिंग इंडेक्स' दिसतं, कधी 'युझिंग इंडेक्स कंडिशन', आणि आपण बहुतेक जण दोन्ही चांगलंच असेल म्हणून पुढे सरकतो. पण दोन्ही वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात टेबलाकडे जायची गरजच पडत नाही, सगळं इंडेक्समध्येच, म्हणजे टेबलाच्या क्रमवार सूचीतच, मिळतं. दुसऱ्यात टेबलाकडे जावं लागतंच, फक्त जायच्या आधी इंडेक्समध्येच चाळणी लावलेली असते. ही दुसरी चाळणी मायएसक्यूएलमध्ये यायला २०१३ उजाडलं, आणि गंमत म्हणजे कल्पना त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीची.

मूळ शोधायचं तर आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये जावं लागतं. सत्तरच्या दशकात तिथे सिस्टिम आर नावाचा प्रोजेक्ट चालू होता, रिलेशनल डेटाबेस खरंच बनवता येतो का ते बघायला. त्याचे दोन मजले होते, वर एसक्यूएल समजून घेणारा, खाली डिस्कवरून रेकॉर्ड काढणारा. पॅट्रिशिया सेलिंजर आणि तिच्या सहकाऱ्यांचा १९७९ चा ऑप्टिमायझरवरचा, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागावरचा, पेपर प्रसिद्ध आहे, त्यात खालच्या मजल्याला रेकॉर्ड मागतानाच साध्या अटी सोबत पाठवायची सोय आहे, म्हणजे न जुळणारं रेकॉर्ड वर येतच नाही. ह्या अटींना सर्च आर्ग्युमेंट म्हणायचे, त्याचं झालं सार्ग, आणि त्यावरून सार्जेबल, म्हणजे इंडेक्सचा उपयोग होईल अशी. इंटरव्ह्यूमध्ये 'ही क्वेरी सार्जेबल आहे का' विचारणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं देव जाणे.

मग मायएसक्यूएलला एवढा उशीर का झाला? माझ्या मते उत्तर त्याच्या घडणीत आहे. १९९५ ला मायएसक्यूएल आलं तेव्हा खाली आयसॅम पद्धतीच्या साध्या फायली होत्या, आणि वरचा सर्व्हर खालच्याशी हँडलर नावाच्या इंटरफेसमधून बोलायचा. हे बोलणं अगदी मोजकं, ह्या की पासून पहिली ओळ दे, पुढची दे, पुढची दे. ती भिंत साधी होती म्हणूनच तिच्यामागे वेगवेगळी इंजिनं, म्हणजे डेटा ठेवणारे-काढणारे भाग, बसवता आली, मायआयसॅम बसलं, २००१ मध्ये हेइक्की टुरी ह्या फिनलंडच्या माणसाचं इनोडीबी बसलं, आणि मायएसक्यूएल पसरण्यात ह्या सोयीचा मोठा वाटा आहे. पण त्याच भिंतीमुळे इंजिनाला क्वेरी काय आहे ते कळायचंच नाही. अटी वर, डेटा खाली.

आपल्याकडच्या सरकारी ऑफिसातली रेकॉर्ड रूम डोळ्यासमोर आणा. साहेब बाहेर बसलेत, शिपाई आत. साहेब म्हणतात पुढची फाईल आण, शिपाई आणतो, साहेब बघतात, ही नाही, ठेव बाजूला, पुढची आण. कुठली फाईल हवीय हे शिपायाला कोणी सांगितलेलंच नाही.

आता खरं उदाहरण घेऊ. ग्राहकांचं टेबल आहे, त्यावर पिनकोड, आडनाव, नाव असा तीन कॉलमांचा इंडेक्स आहे. क्वेरी अशी की पिनकोड ४११०३०, आडनाव 'कर' ने संपणारं, आणि पत्त्यात कुठेतरी 'वाडा' हा शब्द. आडनावाची अट शेवटाकडून आहे, म्हणून इंडेक्समध्ये उडी मारायला ती उपयोगी नाही, उडी फक्त पिनकोडवर. समजा त्या पिनकोडच्या १०,००० नोंदी आहेत आणि त्यातले कर-वाले १,०००. इनोडीबीच्या सेकंडरी इंडेक्समध्ये पूर्ण ओळ नसते, इंडेक्सचे कॉलम आणि सोबत प्रायमरी की, बस्स. पूर्ण ओळ हवी तर ती की घेऊन क्लस्टर्ड इंडेक्सच्या, म्हणजे पूर्ण ओळी ठेवलेल्या, झाडात पुन्हा वरून खाली उतरायचं. जुन्या पद्धतीत हे उतरणं १०,००० वेळा व्हायचं, कारण आडनाव जुळतंय की नाही ते वर सर्व्हर बघणार. आणि आडनाव तर इंडेक्समध्ये समोर लिहिलेलं होतं! ९,००० फेऱ्या फुकट, आणि डेटा मेमरीत मावत नसेल तर त्यातल्या बऱ्याच डिस्कवरच्या.

पहिली फट पडली ती एनडीबी क्लस्टर ह्या इंजिनासाठी. तिथे डेटा दुसऱ्याच मशीनवर, न लागणारी प्रत्येक ओळ नेटवर्कवरून यायची, त्यामुळे दुखणं आधी तिथे जाणवलं आणि ५.० मध्ये अट खाली पाठवायची सोय झाली. नेहमीच्या इंजिनांसाठी इंडेक्स कंडिशन पुशडाउन, लोक आयसीपी म्हणतात, ते ६.० ह्या आवृत्तीसाठी लिहिलं गेलं. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये ह्याचं जे उदाहरण आहे त्यात आडनाव '%एट्रुनिया%' असं शोधलंय, आणि तेव्हा मायएसक्यूएलमध्ये ऑप्टिमायझरवर काम करणाऱ्यांत सर्गेई पेट्रुनिया हे नाव होतं. पिनकोड दिलाय ९५०५४, म्हणजे सांता क्लारा, सन कंपनीचा पत्ता तिथलाच.

सन मध्येच आली कारण २००८ मध्ये तिने मायएसक्यूएल विकत घेतलं, आणि मग सगळी उलथापालथ. ६.० गुंडाळली गेली, २०१० च्या जानेवारीत सनच ऑरॅकलकडे गेली, मायएसक्यूएलचा जनक माँटी विडेनियस आधीच बाहेर पडून मारियाडीबी ह्या मायएसक्यूएलमधून फुटलेल्या डेटाबेसच्या मागे लागला होता, आणि हा तयार कोड मधल्यामध्ये लटकला. मारियाडीबीने तो ५.३ मध्ये, २०१२ ला, लोकांच्या हातात दिला. मायएसक्यूएलमध्ये ५.६ सोबत आला, फेब्रुवारी २०१३. कंपन्या हात बदलतात तेव्हा असं चांगलं काम वर्षानुवर्षं अडकून पडतं, ह्यावर कोणी लिहित नाही फारसं.

पण खरी मजा पुढे आहे. अट खाली पाठवली की काम झालं असं वाटतं ना? तर नाही. पिनकोडची अट 'नेमका ४११०३०' अशी नसून 'अमुकपासून ४११०३० पर्यंत' अशी रेंज असेल, तर ती कुठे संपते हे तपासायचं कामही आतापर्यंत सर्व्हरच करत होता. इंजिन ओळ वर द्यायचं, सर्व्हर बघायचा की पिनकोड पुढे सरकला, मग थांबायचा. आता आयसीपीमुळे न जुळणारी ओळ वर येतच नाही. मग ४११०३० मधला शेवटचा कर-वाला देऊन झाल्यावर इंजिन पुढचा शोधत बसणार, ४११०३१, ४११०३२, आणि पुढे कर-वाला सापडला तरच सर्व्हरला कळणार की आपण हद्द ओलांडली. सापडलाच नाही तर? इंडेक्स संपेपर्यंत चालत राहायचं. शिपायाला सांगितलंय कर-वाल्यांच्याच फाईली आण, पण गठ्ठा कुठे संपतो ते सांगायचं राहून गेलं, तो बिचारा अख्खी खोली उपसतोय आणि साहेब बाहेर चहा पितायत.

म्हणून इनोडीबी जे फंक्शन हाक मारून अट तपासून घेतं, त्यात सगळ्यात आधी रेंजचं टोक बघितलं जातं. टोक ओलांडलं असेल तर अट बघायचीच नाही, सरळ 'आउट ऑफ रेंज' असं उत्तर, आणि स्कॅन बंद. म्हणजे त्या फंक्शनची उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: जुळलं, नाही जुळलं, हद्दीबाहेर. कोडमध्ये ही तपासणी दोनच ओळींची आहे, पण ती काढली तर अख्खं ऑप्टिमायझेशन उलटं अंगावर येईल.

आणि हाच प्रश्न आयसीपी नसतानाही दुसऱ्या दाराने येतो. इनोडीबीमध्ये डिलीट केलेली ओळ लगेच जात नाही, तिच्यावर खूण होते, पर्ज नावाचं आतलं काम तिला नंतर सवडीने साफ करतं, आणि कोणाचं तरी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं असेल तर पर्जही करता येत नाही. अशा ओळी, किंवा दुसऱ्याच्या अजून कमिट न झालेल्या, म्हणजे पक्क्या न केलेल्या ओळी, इंजिन आतल्या आत वगळतं. वगळलेली ओळ वर जात नाही, वर गेली नाही म्हणजे सर्व्हर थांबवत नाही, परत तेच. एका कामात आमच्याकडे रांगेचं टेबल होतं, जॉब झाला की ओळ डिलीट. सकाळपासून कोणीतरी रिपोर्टचं ट्रान्झॅक्शन उघडं सोडून जेवायला गेलेलं, आणि दोन-चार ओळी देणारी क्वेरी दुपारपर्यंत सेकंदावर सेकंद खायला लागली. एक्सप्लेन अगदी स्वच्छ, इंडेक्सही बरोबर. ते सेशन मारल्यावर थोड्या वेळात आपोआप ठीक झालं आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

आमच्या केसमध्ये मेलेल्या ओळी रेंजच्या आतच होत्या, त्या ओलांडण्याला इलाज नाही. पण रेंजच्या बाहेरच्या मेलेल्या ओळींमधून चालत राहणं हे टाळता येण्यासारखं होतं, आणि ते नंतर टाळलं गेलं, ८.० च्या कोडमध्ये इनोडीबीच्या वाचण्याच्या मुख्य फंक्शनशेजारी रेंजचं टोक तपासणारं वेगळं फंक्शन आहे, अटीशी संबंध नसतानाही चालणारं.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर सर्व्हरच्या 'हँडलर रीड नेक्स्ट' ह्या काउंटरवर विसंबू नका, तो फक्त भिंतीपलीकडून किती वेळा 'पुढची दे' म्हटलं तेच मोजतो, आत इंजिनाने किती ओळी चाळल्या ते त्यात येत नाही. इनोडीबीच्या मेट्रिक्समध्ये आयसीपीचा वेगळा मॉड्यूल आहे, एरवी बंद असतो, चालू करावा लागतो. त्यात किती वेळा अट तपासली, किती जुळल्या, किती नाही, आणि किती वेळा हद्दीबाहेर गेलो, असे चार आकडे मिळतात.