मोस्तारची सोडत आणि 4.2 टक्के

बॉस्निया-हर्झगोव्हिनातल्या मोस्तार शहरात 2008 नंतर थेट डिसेंबर 2020 मध्ये स्थानिक निवडणूक झाली. मधली 12 वर्षं शहरातल्या दोन मोठ्या समाजांच्या, म्हणजे क्रोएट (बहुतेक कॅथलिक) आणि बॉस्नियाक (बहुतेक मुस्लिम) यांच्या पक्षांचं निवडणुकीच्या नियमांवर एकमतच झालं नाही. अशा दुभंगलेल्या गावात लोकांना विचारायला गेलं तर भांडणंच वाढणार, असं पुष्कळांना वाटतं. पण 2021 मध्ये कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या मानवी हक्क संघटनेच्या मदतीने तिथे सोडत काढून सामान्य रहिवाशांची नागरिक सभा भरली. विषय होता शहराची स्वच्छता आणि सार्वजनिक जागांची निगा.

यातली सोडत मला फार देखणी वाटते. 2013 च्या जनगणनेत मोस्तारमध्ये क्रोएट सुमारे 48.4 टक्के, बॉस्नियाक 44.2 आणि सर्ब 4.2 टक्के होते. समजा, नुसत्या चिठ्ठ्या उचलून 40 जण निवडले. एक चिठ्ठी सर्ब व्यक्तीची नसण्याची संभाव्यता 0.958. चाळीसही तशाच निघण्याची संभाव्यता 0.958 चा 40 वा घात, म्हणजे सुमारे 0.18. कुणीही लबाडी न करता, पाच-सहा सोडतींत एकदा सभेत एकही सर्ब नसेल! सोडतीत दैवाचा कौल पाहणाऱ्यांनी हे गणित जरूर करावं.

यावर उपाय स्तरित नमुन्याचा. वय, लिंग, वस्ती, शिक्षण, समाज यांनुसार आधी गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून त्याच्या प्रमाणात नावं काढायची. गटागटांमधल्या फरकामुळे येणारी चूक त्यामुळे निघून जाते, गटाच्या आतल्या फरकाची तेवढी उरते. तरी निमंत्रणाला होकार कळवणारे बहुधा शिकलेले आणि सवड असलेले असतात, म्हणून होकार देणाऱ्यांतून पुन्हा प्रमाण सांभाळून सोडत काढतात. लाखोंच्या ऑनलाइन कौलाचा गाजावाजा होतो, पण तिथे आपणहून येणारेच मोजले जातात. संख्या कितीही वाढवा, तो कल जात नाही.

अशा सभासदाला कुठल्याही पक्षाने पाठवलेलं नसतं, पुन्हा निवडूनही यायचं नसतं. त्यामुळे पलीकडच्याचं म्हणणं पटलं तर तो ते उघडपणे मान्य करू शकतो. निर्णय विरोधात गेलेल्यालाही तो आपला वाटण्याची शक्यता इथेच निर्माण होते. देशाचं त्रिसदस्य अध्यक्षमंडळ मात्र युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन करारापासून बॉस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांनाच खुलं आहे. रोमा आणि ज्यू नागरिकांना उमेदवारी नाकारणं हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2009 मध्येच दिला.

सभेच्या हाती शिफारशींपलीकडे अधिकार नसतो, निर्णय नगर परिषदच घेते. प्रत्येक शिफारशीवर परिषदेने ठरलेल्या मुदतीत जाहीर, लेखी उत्तर दिलंच पाहिजे. ती अट नसेल तर एवढी काटेकोर सोडत वाया जाते.