आजीची हिरवी नऊवारी

वडिलांनी काढलेल्या एका एक्टाक्रोम स्लाइडमध्ये (एक्टाक्रोम म्हणजे प्रोजेक्टरवर बघायची एक रंगीत फिल्म) आजी वाड्याच्या पायरीवर बसली आहे. तिची नऊवारी हिरवीगार होती, हे घरात सगळ्यांना आठवतं. स्लाइडमध्ये मात्र ती मातकट पिवळी दिसते आणि दारामागचा काळोखही लालसर.

हे का होतं? रंगीत स्लाइडमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर एकावर एक असतात: पिवळा, मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि सायन (हिरवट निळा). पिवळा थर पांढऱ्या उजेडातला निळा भाग अडवतो, मॅजेंटा हिरवा आणि सायन लाल. पलीकडे जे पोचतं ते चित्र. हिरवी साडी म्हणजे पिवळा आणि सायन हे दोन थर. जुन्या एक्टाक्रोममध्ये सायन द्रव्य अंधाऱ्या कपाटातही सर्वांत आधी विटतं. मग लाल उजेडाला आडकाठी राहत नाही, साडीत उरतो फक्त पिवळा. 1935 साली आलेल्या कोडाक्रोम या दुसऱ्या फिल्मचं उलटं: अंधारात ती दशकानुदशकं टिकते, प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडात मात्र लवकर फिकी पडते. म्हणून ‘एकदा भिंतीवर बघू या’ हा मोह स्लाइडची डिजिटल कॉपी होईपर्यंत आवरावा.

घरी कॉपी करायला कॅमेरा, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो घेणारी), ट्रायपॉड आणि एलईडी लाइट पॅड पुरतं. चित्राचा आकार जेमतेम 24 × 36 मिलिमीटर. फुलफ्रेम कॅमेऱ्यात, म्हणजे ज्याचा सेन्सरही एवढाच असतो, 1:1 प्रमाणात (मूळ आकारातच) घेतलं, तर 24 मेगापिक्सेलमध्येही दर मिलिमीटरला सुमारे 167 पिक्सेल मिळतात. घरगुती स्लाइडला ते भरपूर आहेत. कॅमेरा सरळ आहे का हे पाहायला स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं.

माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा पैसे उजेडावर खर्च करावेत. स्वस्त एलईडीत गडद लाल फार कमी असतो, आणि जे उजेडातच नाही ते स्लाइडमधून येणार कुठून? सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 95 किंवा त्याहून जास्त असलेला पॅड घ्यावा. स्लाइड पॅडपासून थोडी वर ठेवावी, म्हणजे पॅडवरची धूळ फोकसमध्ये येत नाही.

स्लाइडवरची धूळ रबरी ब्लोअरने उडवावी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बुरशी हमखास धरते. तरी पाणी लावू नये. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रही जातं.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्यावा. आजीच्या फोटोत आधी मी नुसता व्हाइट बॅलन्स (सगळ्या चित्राच्या रंगांचा तोल) बदलला, तर पायऱ्यांवरचा उजेड निळसर झाला. कारण सायन जास्तीत जास्त गेला आहे तो काळोख्या भागातून. मग फोटो एडिटरच्या लेव्हल्समध्ये फक्त लाल चॅनेलचा काळा बिंदू, म्हणजे ज्याखाली लाल शून्य होतो ती पातळी, वर सरकवला. दारामागचा अंधार पुन्हा काळा झाला आणि साडीत हिरवा उतरला. थोडा फिका, पण हिरवाच.