आरसी की एलसी? दोन्ही लो-पासच, पण…

मल्टिमीटरवर अगदी हवे तसे २.५ व्होल्ट दिसत होते. आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ९ नंबरच्या पिनमधून ४९० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम, म्हणजे वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल, निघतो. त्याला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून मी तो बऱ्यापैकी सपाट केला होता. मग खेळण्यातली छोटी मोटर जोडली. मोटर ढिम्म, आणि मीटर जवळजवळ शून्यावर.

हा रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर बिघडला नव्हता. सिग्नल गाळायची चाळणी मी पॉवर गाळायला लावली होती, एवढंच.

रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी म्हणजे आरसी, कॉइल-कपॅसिटरची जोडी म्हणजे एलसी. दोन्ही लो-पास फिल्टर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी जाऊ देणारे आणि जास्त अडवणारे. कपॅसिटर दोन्हीकडे एकच काम करतो: फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी सोपी वाट तो तिला ग्राउंडकडे करून देतो. फरक आहे तो वाटेत आडव्या बसलेल्या पार्टचा. रेझिस्टर भेदभाव करत नाही. सपाट डीसी असो की वेगाने बदलणारा करंट, दोघांनाही सारखाच अडवतो. माझ्या १० किलोओहममधून ५ व्होल्टवर अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर काही जाणंच शक्य नव्हतं, आणि मोटरला हवे होते २०० मिलिअँपिअर. कॉइल मात्र फक्त बदलाला अडवते. डीसीच्या दृष्टीने ती नुसती तार. तिचा स्वतःचा रेझिस्टन्स ०.१ ओहम धरला, तर २०० मिलिअँपिअरला फक्त २० मिलिव्होल्ट पडतील.

आता कागदावर सारखे दिसणारे दोन फिल्टर घेऊ. एकात १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. दुसऱ्यात १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० मायक्रोफॅरड. ज्या फ्रिक्वेन्सीपासून फिल्टर अडवायला लागतो, तिचं गणित दोघांचंही १५९२ हर्ट्झलाच येतं. त्याच्या दहापट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे १६ किलोहर्ट्झच्या आसपास, आरसीतून दहावा हिस्सा बाहेर येतो, तर एलसीतून साधारण शंभरावा. इथवर वाचून बरेच जण ठरवून टाकतात की एलसी सरस, रेझिस्टर वापरणं म्हणजे कंजूषपणा.

मग त्या १५९२ हर्ट्झवरच काय होतं ते बघा. आरसी तिथे शहाण्यासारखा ७०.७ टक्के व्होल्टेज देतो. एलसीचं उत्तर मात्र लोडवर, म्हणजे आउटपुटला काय जोडलंय त्यावर, ठरतं. वरच्या कॉइल-कपॅसिटरला १ ओहमचा लोड असेल, तर व्होल्टेज जेवढं आत तेवढंच बाहेर. १० ओहमचा असेल आणि कॉइलचा रेझिस्टन्स सोडून दिला, तर बाहेर दहापट! झोपाळ्याला नेमक्या लयीत झोका देत राहावं, तसं. कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांकडे एनर्जी फेकत राहतात आणि ती जिरवायला वाटेत कोणी नसतं. आरसीमध्ये ती रेझिस्टर खातो, गरम होतो, पण सर्किट शांत ठेवतो.

हा नुसता कागदी धोका नाही. लोड न लावता एलसीला एकदम ५ व्होल्ट दिले, की आउटपुट क्षणभर १० व्होल्टच्या जवळ उसळू शकतं. पुढे ५ व्होल्टची चिप असेल तर ती गेलीच म्हणा, आणि मीटरवर ही उसळी दिसतही नाही, व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्कोप लागतो. क्लास-डी, म्हणजे पीडब्ल्यूएमवर चालणाऱ्या, अँप्लिफायरच्या आउटपुटला बहुधा असाच एलसी असतो, आणि त्यातली कॉइल आणि कपॅसिटर स्पीकर किती ओहमचा आहे हे धरून निवडलेले असतात. स्पीकर काढला की तो फिल्टर वेगळाच वागतो.

म्हणून सेन्सरचं रीडिंग, एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या सर्किटचा) इनपुट, जिथे करंट नगण्य, तिथे डोळे झाकून आरसी लावावा. जिथे अँपिअर वाहतात, जसं व्होल्टेज खाली आणणाऱ्या बक कन्व्हर्टरमध्ये, तिथे एलसीला पर्याय नाही. मात्र उसळी दाबायला कधी कधी रेझिस्टरसकट आणखी एक मोठा कपॅसिटर मूळ कपॅसिटरला समांतर जोडावा लागतो.

माझ्या मोटरला शेवटी यातलं काहीच लागलं नाही. पिनला स्वतःला ४० मिलिअँपिअरच्या पुढे झेपत नाही, म्हणून मधे मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) घातला, बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका जिरवायला मोटरवर उलटा डायोड टाकला आणि फिल्टर उपटून काढला. मोटरची वाइंडिंग हीच कॉइल, आणि फिरणाऱ्या रोटरचं जडत्व उरलेले धक्के पचवतं. ४९० हर्ट्झची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येते.