अवयवदानाचं घरी सांगितलंय का?

तीन वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, आमच्या गल्लीतला एक पोरगा हायवेवर मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दहा-बारा जण दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसलो होतो. डॉक्टरांनी वडिलांना आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांना धरून बसवावं लागलं. पोराचा मेंदू मेलाय, छाती हलतेय ती मशीनमुळे, आणि तुमची इच्छा असेल तर त्याचे अवयव देता येतील, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी त्याच्या मित्रांकडे पाहून एकच विचारलं, "तो कधी काही बोलना व्हता का रे?"

कुणालाच माहीत नव्हतं. मामा म्हणाले, देऊ. थोरले काका म्हणाले, अंग अजून गरम आहे, चिरायचं कसं? पोराच्या माउलीला तर तोवर कुणी पुरतं सांगितलंही नव्हतं. दिवस मावळेपर्यंत बोलणं चाललं आणि रात्री हृदय थांबलं. यात कुणाची चूक होती असं मला आजही वाटत नाही. पण मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मला त्यांना धड समजावता आलं नाही. त्या कडुनिंबाखाली जे सांगायला हवं होतं, ते आता लिहितो आहे.

पहिला प्रश्न थोरल्या काकांचाच घेतो, कारण तो सगळ्यांच्या मनात असतो. नाडी लागतेय, अंग गरम आहे, लघवी होतेय, मग माणूस मेला कसा?

पूर्वी आमच्या प्रयोगशाळेत बेडकाचं विच्छेदन असायचं. बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या सौम्य पाण्यात ठेवलं तरी ते कितीतरी वेळ धडधडत राहायचं. त्या बशीभोवती वर्ग अगदी चिडीचूप व्हायचा. कारण असं की हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो स्वतःच विजेचा झटका तयार करतो. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. ऑक्सिजन मिळत राहिला की हृदय चालत राहतं.

श्वासाचं तसं नाही. फुप्फुसं स्वतःहून हलत नाहीत. मेंदूच्या खालच्या टोकाला, मानेच्या वर, अंगठ्याएवढा एक भाग आहे, त्याला मेंदूस्तंभ म्हणतात. श्वास घे, हा हुकूम तिथून सुटतो. जाग आणि शुद्धही त्याच भागाच्या जोरावर असते. डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला की मेंदू सुजतो. भोवती कवटी हाडाची, सुजेला जागा नाही. आतला दाब रक्ताच्या दाबाहून वाढला की मेंदूत रक्त चढतच नाही आणि मेंदूस्तंभ मरतो. मेलेल्या मेंदूपेशी पुन्हा उगवत नाहीत. व्हेंटिलेटर तेव्हा हवा भरतो, हृदय आपल्या आपण ठोके देतं, त्यामुळे अंग गरम राहतं. पण तेही फार दिवस नाही. रक्तदाब, अंगातलं पाणी आणि तापमान सांभाळणारा मालकच गेलेला असतो, म्हणून बहुतेक वेळा काही तासांत किंवा काही दिवसांत हृदयही थांबतं. आमच्या पोराचं तेच झालं.

कोमा वेगळा. कोमातल्या माणसाचा मेंदूस्तंभ बहुधा जिवंत असतो, तो स्वतः श्वास घेऊ शकतो, आणि काही जण शुद्धीवरही येतात. कोमातून उठलेल्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात आणि त्या खऱ्या असतात. मेंदूस्तंभ मेल्यावर मात्र परत येणं नाही.

मग हे ठरवतात कसं? १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने चार डॉक्टरांचं मंडळ सांगितलंय, आणि अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या पथकातला एकही डॉक्टर त्यात चालत नाही. डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुली लहान होते का पाहतात. बुबुळाला कापसाची वात लावतात. कानात बर्फासारखं गार पाणी सोडतात. मेंदूस्तंभ जिवंत असेल तर डोळे आपोआप एका बाजूला सरकतात. घशात नळी हलवून ठसका लागतो का बघतात. शेवटची परीक्षा सगळ्यात मोठी. श्वास रोखून धरला की थोड्या वेळाने जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपला म्हणून होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून होतो. म्हणून आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर सोडवून नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि आठ-दहा मिनिटं छातीवरून नजर हलवत नाहीत. कार्बन डायऑक्साइड चढत जातो. निरोगी माणसात त्याचा रक्तातला दाब चाळीस मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, इथे साठच्या वर जाऊ देतात. तरीही छाती तसूभरही हलली नाही, तर श्वासाचं केंद्र संपलं. एवढं सगळं किमान सहा तासांनी पुन्हा करतात. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तरच कागदावर सह्या होतात.

आता आपल्या खानदेशातली एक गोष्ट. मण्यार चावलेला माणूस कधीकधी हुबेहूब असाच दिसतो. बाहुल्या हलत नाहीत, श्वास बंद, हाक मारली तर पापणी लवत नाही. पण मण्यारीचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला सांधा बंद करतं, मेंदू मारत नाही. आतला माणूस जिवंत असतो, कदाचित ऐकतही असतो. व्हेंटिलेटरवर तग धरली तर तो बरा होऊन घरी येतो. झोपेच्या गोळ्या, काही विषं, अंग फार गार पडणं, यांनीही असा भास होतो. म्हणून तपासण्यांच्या आधीची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मेंदूला काय झालं ते स्कॅनवर स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि साप, औषध, विष, गारठा यातलं काही नाही याची खात्री पाहिजे. तुम्ही डॉक्टरांना हे बिनधास्त विचारा. विचारण्यात अपमान काही नाही.

दुसरा प्रश्न त्या पोराच्या वडिलांचा: तो काही बोलला होता का?

कार्ड भरता येतं. नोटो या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून नोंद होते, कागदावर करायची तर नमुना ७ आहे, काही विचारायचं असेल तर १८००११४७७० हा नंबर आहे. पण प्रत्यक्षात मेंदूमृत्यूनंतर डॉक्टर घरच्यांना विचारतात आणि त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाहीत. खिशात कार्ड असलं आणि बायको-मुलांना माहीत नसलं, तर ते कार्ड खिशातच राहतं. स्पेनमध्ये १९७९ चा कायदा म्हणतो की ज्याने नाही म्हटलं नाही त्याचा होकार धरावा. तरी तिथेही आधी घरच्यांशी बोलतात, आणि त्या बोलण्यासाठी माणसं खास तयार करतात. तिथे २०२३ साली दर दहा लाख लोकांमागे सुमारे ४९ मृत दाते होते. भारतात २०२३ साली १८,३७८ प्रत्यारोपणं झाली, पण मृत दाते होते १,०९९. म्हणजे दहा लाखांमागे एकही पुरता नाही. बाकी बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले. आणि देणाऱ्यांत आया नि बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. हे वाचलं की मला आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने डायलिसिसला जाणारी माणसं आठवतात. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा बायकोच असते, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन. एक मृत दाता आठ जणांना अवयव देऊ शकतो. त्यातल्या दोन मूत्रपिंडांनी अशा दोन बायकांवर स्वतःचं मूत्रपिंड देण्याची वेळ येत नाही.

वेळेचाही हिशेब आहे. शरीरातून काढलेलं हृदय बर्फात ठेवूनही चार ते सहा तासच टिकतं, यकृत बारा तासांपर्यंत, मूत्रपिंड दिवसभर किंवा थोडं जास्त. जळगावहून मुंबई रस्त्याने चारशे किलोमीटरच्या वर आहे. तेव्हा घड्याळ किती महत्त्वाचं ते पाहा. आणि ते घड्याळ सुरू होण्याआधीच आपली माणसं कडुनिंबाखाली तासन् तास घालवतात, कारण विषय घरात कधी निघालेलाच नसतो. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन यांची जोड द्यावी लागते, पण त्याने दान अडत नाही. दानाच्या शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांवर येत नाही, आणि शरीर नीट शिवून परत देतात. अंत्यविधी रीतीप्रमाणे होतात. देहदान म्हणजे अख्खं शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला शिकण्यासाठी देणं. ती गोष्ट वेगळी, दोन्हीची गल्लत करू नये.

मात्र आपल्यातले बहुतेक जण शेवटचा श्वास घरीच घेणार, खाटेवर. तिथे हृदय थांबलेलं असतं, म्हणून हृदय-यकृत देता येत नाही. डोळे देता येतात, सहा तासांच्या आत. खरं तर हवं असतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून रक्तगट जुळवायची गरज पडत नाही. १९०५ साली, प्रतिजैविकं नव्हती तेव्हा, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरने ते बसवून दाखवलं होतं. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा होता तसा दिसतो. ती येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, अशा घरात पंखा बंद करायचं कुणाच्या जिवावर येईल हे मला कळतं. पण वाऱ्याने पटल वाळतं आणि वाळलेलं पटल वाया जातं.

मी माझ्या घरी हे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांगितलं. मुद्दाम तोच दिवस धरला. त्या दिवशी बहीण माहेरी आलेली असते, भाऊ शहरातून आलेला असतो, आणि गेलेल्यांची घागर भरलेली असते, म्हणजे मरणाचं नाव घरात निघालेलंच असतं, अभद्र बोललास असं कुणी म्हणत नाही. गेलेल्या नानांची आगारी, म्हणजे त्यांच्या नावाचा विस्तवातला घास, टाकून झाली होती. घागरीवर डांगर (खरबूज) आणि सांजोऱ्या ठेवलेल्या. मी म्हणालो, माझं काही बरंवाईट झालं आणि डॉक्टरांनी विचारलं तर हो म्हणा. आणि घरीच गेलो तर डोळे द्या.

बायकोने मान हलवली. भाऊ म्हणाला, आज कशाला? बहीण उठून परसात गेली. माय तेवढी बोलली.

"मंग वर जाईसनी देवले कसा दखशी?"

मी तिला विज्ञान सांगत बसलो नाही. म्हटलं, नानांची राख आपण तापीत सोडली, त्यात डोळे कुठे होते? ती गप्प झाली. तो विषय त्या दिवशी तिथेच राहिला. मला वाटलं, आपण चुकलो, सणाचा दिवस बिघडवला. बहीण जाताना मात्र म्हणाली, "भाऊ, सही कोण करस मंग, वहिनी का?" मी म्हटलं, आधी तीच. पण तू जवळ असलीस तर तिला बळ येईल.

महिनाभराने मी ओसरीवर पेपर वाचत होतो. माय शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "मन्हा डोयासनं मोतीबिंदूनं आपरेशन व्हयेल शे. मन्हा चालतीन का?"

चालतात. मोतीबिंदू होतो तो आतल्या भिंगाला, पटल त्याच्या पुढे असतं. चष्मा असो, साखर असो, बीपी असो, वय ऐंशी असो, डोळे चालतात. रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी असे काही आजार असले तरच घेत नाहीत. हे मी तिला सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली.

संध्याकाळी पाहिलं तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसच्या नंबराखाली, नातवाच्या अक्षरात जिल्ह्याच्या नेत्रपेढीचा नंबर लिहिलेला होता, आणि त्याखाली तिने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं: पंखा बंद करना.